तेलाचा काटा

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या मिस्त्रींचे नाव मी कधी विचारले नाही. कापसाच्या पडत्या वर्षांत जिनिंग बंद पडले आणि तिथली इंजिने दुरुस्त करणारे हे गृहस्थ मोटारींकडे वळले. मी चालवत असलेल्या, मामांच्या रॅलीच्या जुन्या गाडीचा इंजिन ब्लॉक तडकला होता. मिस्त्रींनी तड्यावर ओळीने भोके पाडली आणि बिडाचे आटेदार खिळे बसवून तो अक्षरशः शिवला. प्रत्येक खिळ्यानंतर ते डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत. शेवटी त्यांनी तेलाच्या तापमानाचा वेगळा काटाही लावून दिला.

“ताई, पाणी लवकर तपते, तेलाले टाइम लागते. तेल तपेपर्यंत गाडी पळवू नका. तिले बी सकायी चहा लागते.”

मी भौतिकशास्त्राची पदवीधर. ब्लॉकभोवती पाणी खेळते, तेव्हा पाण्याचा काटा पुरेसा आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि दारव्हा रस्त्यावर थंड तेलावरच गाडी पिटाळली. तडा पुन्हा उघडला. गाडी ओढत मिस्त्रींकडे आणावी लागली.

मिस्त्री बराच वेळ तो तडा चाचपत राहिले. “ताई, तेल तपलं होतं ना?”

“हो,” मी म्हणाले.

“मंग माहाच हात चुकला.”

तेवढ्यात नेरचा एक ट्रॅक्टरवाला फुटका ब्लॉक घेऊन आला. मिस्त्रींनी त्याला दारातूनच परतवले. “ब्लॉकचं काम बंद केलं, भाऊ. आता हाताचा भरोसा नाही.”

खरे सांगायला मला एक वाक्य पुरले असते. मी फोनवर गाडी घरी ओढून नेण्याची चौकशी करत राहिले.