गुरुवारी न दुखणारं पोट

त्या शुक्रवारी सकाळी कंपनीची बस भोसरीला आली, तेव्हा प्रकाशची खिडकीजवळची जागा रिकामी होती. "काळेवाडीच्या स्टॉपवर आले होते," ड्रायव्हर म्हणाला, "पण घामाघूम झालेले. पित्त झालंय, घरी जाऊन थंड दूध पितो, तुम्ही व्हा पुढं, म्हणाले." मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वर्षभर त्याचं हेच चाललं होतं. मोशी मागं पडली आणि त्याच्या मुलीचा फोन आला... "काका, पप्पा उठत नाहीयेत."

चाकणच्या एकाच कारखान्यात, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये आम्ही उमेदीची सगळी वर्षं काढली. गडी मोठा गमत्या आणि तिखटाचा भारी शौकीन. रंजनावहिनींच्या हातचा ठेचा त्याच्या डब्यात नाही असा दिवस नसायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत तो त्याच्या वाट्याला कमीच यायचा. "घ्या राव, पण नाकाडोळ्यांतून पाणी आलं तर माझ्या नावानं बोंब मारू नका," असं म्हणत तो डबा पुढं सरकवायचा. त्याला स्वतःला कधी साधा ठसका लागलेला मी पाहिला नाही.

मग नवी मशिनं आली आणि आम्हा जुन्या कायम कामगारांना ट्रेनिंग हॉलमध्ये बसवलं. अक्षरशः बसवलंच. कार्ड पंच करायचं, खुर्चीवर बसायचं, शिफ्ट संपली की उठायचं. मोबाइल गेटवर जमा. पेपर वाचायचा नाही, डुलकी लागली तर मेमो. पगार मात्र पूर्ण. कंटाळून माणसानं आपण होऊन राजीनामा द्यावा, एवढाच त्यामागचा हेतू. बाहेरच्यांना हे सुख वाटतं. मी अजूनही तिथंच बसतो, म्हणून सांगतो, असं सुख वैऱ्यालाही मिळू नये.

पहिले काही दिवस प्रकाशनं हसण्यावारी नेलं. "आपण मंत्री झालो राव, आता खुर्ची सोडायची नाही!" पुढं त्याचं बोलणं आटत गेलं. शेजारी बसल्या बसल्या त्याचे हात मांडीवर हलायचे, पत्रा उचलून डायमध्ये ठेवल्यासारखे. मग पित्त सुरू झालं. झोप उडाली, बीपी वाढलं, मान आखडली. डॉक्टरांनी विचारलं, काही टेन्शन वगैरे? मी सोबत होतो. प्रकाश हसून म्हणाला, "बसून पगार खातोय, टेन्शन कसलं?" डॉक्टरही हसले. गोळ्या लिहून दिल्या आणि तिखट बंद करायला सांगितलं.

घरी त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, "घरात मी अजून प्रेसवर आहे. तेवढं तरी राहू दे."

वहिनींनी मग ठेचा सोडला, फोडणी सोडली, दुधीभोपळा आणि दहीभात सुरू केला. तरी बस कंपनीच्या गेटकडे वळली की प्रकाशचा हात पोटावर जायचा.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाला गर्दी होती, तेव्हा बोलणं झालं नाही. नंतर एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी काळेवाडीला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या हातानंच गेले हो ते. इतकी वर्षं मीच तिखट चारलं." घरात तेव्हापासून मिरची आणलीच नव्हती. मुलगीही मुकाट्यानं अळणी जेवत होती.

मला राहवलं नाही. ट्रेनिंग हॉल, खुर्ची, मांडीवर हलणारे हात... सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "वहिनी, गुरुवारी कधी त्याचं पोट दुखलं?"

त्या विचारात पडल्या. "गुरुवारी ऐकायचेच नाहीत. भाजलेला बोंबील, वर ठेचा, हट्टानं करायला लावायचे. रात्री छान झोपायचे..." आणि मग थांबून, "शुक्रवारी दहीभात दिला तरी जळजळायचं."

डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं, ते खरंच असणार. पण त्या हृदयावर रोज सकाळी काय येऊन बसत होतं, ते मी पाहिलेलं आहे. काम काढून घेतलेल्या माणसाचं शरीर आतल्या आत खचत जातं, आणि आपण त्याला पित्त म्हणून दूध पाजत राहतो.

वहिनी बराच वेळ रडल्या. "मला सांगायचं तरी होतं हो. मी काय कमी लेखलं असतं का?" मग त्यांनी डोळे पुसले आणि मुलीला कोपऱ्यावरून हिरव्या मिरच्या आणायला पाठवलं. तव्यावर मिरच्या तडतडल्या, घरभर खाट पसरली, आम्ही तिघंही खोकत होतो. त्याच्या आवडीच्या खलबत्त्यात वहिनींनी ठेचा कुटला, वाटीत काढला आणि प्रकाशच्या फोटोपुढं ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "आज गुरुवार आहे."