कळंबची दुसरी फेरी

बाबा जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसले की यवतमाळच्या दवाखान्यातला, मुलांच्या आयसीयूबाहेरचा बाक आधी आठवतो.

माझी लहान मुलगी आत तापाने निपचित पडली होती. तिच्या रक्तातलं प्रोकॅल्सिटोनिन बरंच वाढलेलं निघालं, म्हणजे आजार बहुधा बॅक्टेरियाचा होता. अँटिबायोटिक सुरू झालं. औषध लागू पडतंय का, ते दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत कळणार होतं.

बाबांनी जन्मभर शाळेच्या ऑफिसात गुणपत्रिका तयार केलेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते एसटीने कळंबला, चिंतामणी गणपतीच्या देवळात गेले. इकडे मुलीचं रक्त घेतलं ते सकाळी अकराच्या सुमारास. बाबा दुपारी परतले ते खुशीत.

"चिंतामणीले नवस बोललो. म्हटलं, पोरीचा आकडा आणखी वाढू दे."

"बाबा, तो उतरायला पाहिजे. वाढला तर आजार वाढला."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मंग मले सकाळीच काहून नाही सांगितलं?" त्यांनी पिशवी उचलली. "नवस बदलून येतो."

ते गेल्यावर रिपोर्ट आला. आकडा निम्म्याहून खाली उतरला होता. संध्याकाळी ते परतल्यावर मी त्यांना सांगितलं, की आकडा उतरलाय, पण हे रक्त सकाळचंच होतं, पहिल्या नवसानंतरचं आणि दुसऱ्याच्या आधीचं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "म्हंजे पहिला नवस देवानं ऐकलाच नाही."

"मग आता दुसराच फेडा."

"दोन्ही फेडतो," बाबा म्हणाले. "नाही ऐकलं, त्याचेच उपकार जास्त आहेत."