साडेतीन ताऱ्यांच्या ताई

दिनांक १२ जून, रक्कम एक लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे. एवढ्या बिलावर मी सही केली आणि आमच्या गोदामात नऊ हँडस्कॅनर आले. पुढे जे घडले त्यात माझाही वाटा आहे, तो मी लपवणार नाही. पण ही हकिगत माझी नाही. ती आवक-जावक विभागातल्या ताईंची आहे.

आमची कंपनी पंखे, मिक्सर आणि वॉशिंग मशिन यांचे सुटे भाग दुरुस्तीच्या दुकानांना पुरवते. ताई इथे एकवीस वर्षे आहेत. वय सत्तेचाळीस, जाड चष्मा, पिशवीत डबा एक आणि चार्जर तीन. बाजारात कोणतीही नवी वस्तू आली की ताई ती कुणाची तरी मागून आणतात, आठ दिवस वापरतात आणि पाठकोऱ्या चलनावर आपले मत लिहून ते जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर टाचतात. खाली तारे काढलेले असतात. पाचपैकी तीन, अडीच, फार खूश झाल्या तर साडेतीन. त्यापुढे कधी गेल्या नाहीत, म्हणून सगळे त्यांना ‘साडेतीनताई’ म्हणतात.

एकदा मी विचारले, "चौथा तारा का नाही देत कुणाला?"

"तो माझ्या हातात नाही, साहेब. सासूबाईंना कुणाला न विचारता वापरता आलं, तरच चौथा. अजून एकही वस्तू पास झालेली नाही."

घडीच्या फोनला त्यांनी दोन तारे दिले होते आणि खाली लिहिले होते, ‘घडीच घालायची तर चादर घ्यावी.’ इंटरनेट मागणाऱ्या फ्रिजला एक तारा होता. त्याने थंड करावे, बातम्या वाचू नयेत. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांवर त्यांचा विशेष राग. "आवरायला मदत करते म्हणून आलेली पाहुणी जशी साखरेचा डबा भलतीकडे ठेवून जाते, तशी ही माणसं. सुधारणा केली म्हणतात आणि बटण लपवतात." व्हिडिओ गेम त्या पंचवीस वर्षे खेळत आहेत. पैसे भरून जिंकायचा खेळ म्हणजे त्यांच्या मते खेळ नव्हे, लाच.

आमच्या ट्रकचा ड्रायव्हर जिभेचा तिखट. तो म्हणाला, "ताई, नवऱ्याला किती तारे?"

"तीन. आवाज मोठा, बॅटरी लहान."

त्या दिवशी जेवणाची सुट्टी दहा मिनिटे लांबली. मॅनेजरसाहेबांना मात्र हे फळ्यावरचे लिखाण आवडत नसे. "साडेतीन शहाण्यांमध्ये हिचा नंबर चौथा," असे ते म्हणत.

आता स्कॅनरकडे येतो. पूर्वी गोदामातली माणसे कागदी यादी हातात घेऊन, भागाचा नंबर डोळ्यांनी वाचून माल काढत. नव्या पद्धतीत कागद बंद झाला. स्कॅनरच्या पडद्यावर फक्त कप्प्याचा नंबर दिसतो, कप्प्यातल्या खोक्यावर स्कॅनर धरायचा की त्याच्या डोक्यावरचा बारीक दिवा लागतो. हिरवा लागला तर माल बरोबर, लाल लागला तर चूक. चुकीला मोठा आवाजही होत असे. पण मी हिशेब बघतो आणि माझी खोली गोदामाला लागून आहे. दिवसभर ती टीटी ऐकून माझ्या बेरजा चुकू लागल्या, म्हणून चौथ्या दिवशी मी लेखी तक्रार केली आणि स्कॅनर पुरवणाऱ्याकडून आवाज बंद करवला.

जुलैमध्ये दुकानांकडून माल परत येऊ लागला. महिन्यात तेवीस पाकिटे चुकीची गेली आणि त्यातली एकवीस मामांच्या हातून गेली होती.

मामा म्हणजे गोदामातले सर्वांत जुने कामगार, नोकरी एकतीस वर्षे. डोळे मिटून हाताने चाचपून मिक्सरचे कपलिंग कोणत्या मॉडेलचे ते सांगणारा माणूस. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावले आणि पहिल्या तारखेपासून गेटवर बसायला सांगितले.

"वय झालं मामा, यंत्र झेपत नाही तुम्हाला. त्यात लाज कसली?"

मामा जेवणाच्या खोलीत आले आणि डबा न उघडताच बसले. "माझा जावई याच धंद्यात आहे, ताई," ते म्हणाले. "त्याच्या दुकानात आपलाच माल जातो. सासरा चुका करून गेटवर बसला, हे लेक त्याला कोणत्या तोंडाने सांगेल?"

ताईंनी सांत्वन केले नाही. त्यांनी विचारले, "लाल लागला की तुम्ही काय करता?"

"लाल मला लागतच नाही."

"म्हणजे?"

"अगं, लाल चुकणाऱ्याला लागतो. मी एकतीस वर्षं चुकलो नाही, मला कशाला लागेल? माझा दिवा नेहमी एकाच रंगाचा लागतो."

ताई जेवायच्या थांबल्या. "मामा, सिग्नलला कसं करता?"

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की जायचं. त्यात काय विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी हातात मावणारे गेमचे यंत्र आणले. त्यात एक नवा खेळ विकत घेऊन घातला होता, एका रंगाचे चेंडू एकत्र आणून फोडायचा. मामा सात डाव खेळले, सातही हरले. हिरव्यावर तांबडा, तांबड्यावर हिरवा. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, तुमच्यापेक्षा माझा ट्रक बरा खेळेल." मग ताईंनी सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी बदलले. आता प्रत्येक रंगाच्या चेंडूवर वेगळी खूण आली, कुठे त्रिकोण, कुठे फुली, कुठे टिंब. आठवा डाव मामांनी जिंकला. नववा जिंकला. दहाव्यात ताईंना धूळ चारली.

"मामा, तुमचं वय नाही झालं," ताई म्हणाल्या. "तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. जन्मापासून."

मामांनी यंत्र टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "तरीच बायको मला कधी साडी आणायला पाठवत नाही."

तीस जुलैला सकाळी साडेनऊ वाजता ताई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, स्कॅनरचा पासवर्ड द्या. तुमच्या कपाटात बंद पाकिटात आहे."

"कशासाठी?"

"सेटिंगच्या चौथ्या पानावर कंपन म्हणून एक पर्याय आहे. बरोबर असलं तर यंत्र हातात एकदा थरथरेल, चूक असलं तर तीनदा. आवाज नको, रंग नको. वस्तू हातात आली की आधी सेटिंग बघायचं, कौतुक नंतर, हा माझा नियम आहे. पहिल्याच दिवशी बघून ठेवलंय."

"मग पहिल्याच दिवशी सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. फळ्यावर सहा आठवडे टाचलेलं आहे."

मी जेवणाच्या खोलीत जाऊन वाचले. ‘स्कॅनर : अडीच तारे. दोन रंगांचा एकच दिवा ठेवणे चूक. चुकीचा आवाज बंद करू नये. केल्यास कंपन तरी सुरू करावे.’ तारीख १८ जून. त्या फळ्याखालीच मी रोज पाणी पितो.

परत येऊन मी लेखी अर्ज मागितला. ताईंनी तो उभ्या उभ्या लिहिला. मी त्यावर आवक क्रमांक घातला आणि पाकीट फोडले. नियम मोडला नाही, पण पाकीट फोडताना माझा हात थोडा घाईत होता, हे कबूल करतो.

साडेदहाला मॅनेजरसाहेब गोदामात उतरले. "पन्नास भाग काढायचे," ते म्हणाले. "एक जरी चुकला तरी गेट." एवढेच करून ते थांबले नाहीत. कुणाला न सांगता त्यांनी पाच खोकी मुद्दाम चुकीच्या कप्प्यात ठेवली होती. हे आम्हाला नंतर कळले.

मामा निघाले. दिव्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. कप्पा, खोके, थरथर, टोपली. त्यांचा मूळचा वेग परत आला होता. सतराव्या खोक्याला ते थबकले, खोके चाचपले आणि बाजूला ठेवले. "हे इथलं नाही." पुढे आणखी एक. मग लागोपाठ दोन. पाचवे खोके बाजूला ठेवताना ते मॅनेजरसाहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, हा कप्पा कुणी लावलाय हो? जो असेल त्याला आधी गेटवर बसवा."

गोदामात असा हशा पिकला की ट्रक धुणारा माणूसही पाहायला आत आला. मॅनेजरसाहेबांचे कान लाल झाले. म्हणजे आम्हाला लाल दिसले, मामांचे माहीत नाही.

सुपरवायझरने टोपली मोजली. चुकीच्या पाच खोक्यांच्या जागी मामांनी खरी पाच शोधून आणली होती. पन्नासपैकी पन्नास. वेळ एकोणचाळीस मिनिटे, गोदामातल्या सगळ्यात तरुण माणसापेक्षा सहा मिनिटे कमी.

मॅनेजरसाहेब माणूस वाईट नाही. त्यांनी गेटचा आदेश तिथेच फाडला, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ताईंना म्हणाले, "शहाण्यांमध्ये तुमचा नंबर वर घ्यायला लागणार."

"कितवा?"

"साडेतिसरा."

"चालेल," ताई म्हणाल्या. "त्यापुढे मी कुणालाच जाऊ देत नाही."

नऊही स्कॅनरचे कंपन सुरू झाले. ऑगस्टमध्ये चुकीची पाकिटे शून्य, सगळ्यांची मिळून. ज्यांना दोन्ही रंग दिसत होते तेही कधीमधी चुकत असत, तेही थांबले. मामांचा जावई स्वतः माल न्यायला आला आणि सासऱ्याच्या पाया पडून गेला. मामांनी त्याला पाचही खोक्यांची गोष्ट दोनदा ऐकवली.

फळ्यावर आता नवे चलन आहे. ‘स्कॅनर : तीन तारे. कंपन उत्तम. पासवर्ड हिशेबवाल्यांच्या कपाटात ठेवल्याबद्दल अर्धा कापला.’ मी ते काढायला सांगितलेले नाही. उलट आता फळ्यावर नवे काही लागले की मी पाणी पिता पिता पुरते वाचतो आणि खाली तारीख टाकून सही करतो.

एक बाब राहिली आहे. तो चेंडूंचा खेळ ताईंनी स्वतःच्या पैशाने घेतला होता, सहाशे एकोणपन्नासला. त्यांनी रीतसर व्हाउचर भरले, बिल जोडले. आमच्या खातेवहीत व्हिडिओ गेमसाठी खाते नाही, म्हणून मी ते परत केले. ‘चाचणी साहित्य’ या नावाने ते पुन्हा आले, त्यावर मॅनेजरसाहेबांची सही हवी होती आणि साहेब रजेवर होते.

आज ९ सप्टेंबर. ताईंचे सहाशे एकोणपन्नास कंपनीकडून अजून येणे आहे.