साबुकंदाच्या चकत्या आणि मामांचं धोतर

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या स्टँडवर मी पहाटे जीपमध्ये बसले, तेव्हा आई खिडकीशी येऊन म्हणाली, "नीट बघून ये बरं. जन्म गेला साबूदाण्याची खिचडी करण्यात, अन् झाड कसं असतंय ते ठाव न्हाई."

ठाऊक मलाही नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. पण साबूदाणा एका कंदापासून होतो, याच्यापुढं माझं ज्ञान जात नव्हतं. त्यामुळं कुरुंद्याच्या रहीमभाईंचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. रहीमभाई हळदीचे व्यापारी, वडिलांच्या जुन्या ओळखीतले. त्यांच्या गावात एका बाईनं साबुकंद लावला होता. वाळवलेल्या चकत्यांचा नमुना मुंबईच्या निर्यातदाराला द्यायचा होता. पसंत पडला तर माल परदेशी जाणार होता. नमुन्यासोबत इंग्रजीत कागद लागतो, कुठं पिकवलं आणि कसं वाळवलं असा. तो लिहायला मी.

हिंगोलीला एसटी धरली, वसमतला उतरून ऑटो केला. उन्हाळा तोंडावर होता. शेताशेतात हळद शिजवायच्या कढया वाफाळत होत्या. वास असा, की गावभर कुणीतरी एकच भाजी टाकलीय. कुरुंद्यात शिरल्यावर तर जमीनच पिवळी. घरापुढं, रस्त्याकडेला, जिथं सपाट जागा तिथं हळद पसरलेली.

रहीमभाईंनी मला थेट त्या बाईंच्या, कमलताईंच्या शेतावर नेलं. साबुकंदाचं झाड माझ्या खांद्याइतकं, काडी सरळ, पान हाताच्या पंजासारखं फाकलेलं. कमलताईंचा भाऊ ट्रकवर असतो. तामिळनाडूत हळद टाकून परत येताना त्यानं याच्या कांड्या (खोडाचे तुकडे) आणल्या होत्या. कमलताईंनी एक झाड उपटून दाखवलं, तर बुडाला रताळ्याचे थोरले भाऊ लटकलेले. मी एकाला नख लावलं.

"तोंडात घालू नका हं ताई," त्या म्हणाल्या. "कच्चं बाधतंय."

जमीन सासऱ्यांची, मारोतरावांची. सून त्यांना मामा म्हणते. मामांनी हळदीतलं एक एकर सुनेला एका सालापुरतं दिलं होतं. नमुना पसंत पडला तर पुढंही मिळणार, नाहीतर तिथं परत हळद. निर्यातदाराचा मुंबईचा माणूस त्याच दिवशी चार वाजता यायचा होता.

घरी पोचून कमलताईंनी नमुन्याच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि एक मूठ उजेडात धरली. चकत्या पिवळ्या होत्या. रात्री विजेच्या उजेडात पोतं भरताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वाळवल्या होत्या हळदीच्या खळ्यावर, दुसरी जागा घराला नव्हतीच. खळं झाडून घेतलं होतं, पण किती सालांची हळद मुरलेली ती, झाडूनं थोडीच निघते!

"या अल्ला," रहीमभाई म्हणाले. "त्याला पांढरा माल पाहिजे, कमलताई."

लिंबाखाली बसलेले मामा बोललेच, "म्या तं आधीच म्हणलो व्हतो. हळदीच्या गावात पांढरं काय पिकवून राहिली?"

आता सगळे माझ्याकडं बघू लागले. शिकलेली ना मी! "सोड्याच्या पाण्यानं डाग जातो," मी म्हटलं, चांगलं ठासून. घमेल्यात पाणी आलं, सोडा आला. मूठभर चकत्या मी स्वतः बुडवल्या.

त्या लालभडक झाल्या.

शेजारची म्हातारी डोळे बारीक करून घमेल्यात वाकली. "अगं बाई, पोरीनं कुंकू केलं की!"

हळदीत चुना पडला की कुंकू होतं, सोड्यानंही तेच होतं, हे तिथल्या लेकराला माहीत होतं. मलाही होतं. हळदीचा कागद सोड्यात बुडवून मी प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण परीक्षेत कागद होता, इथं चकत्या होत्या, आणि माझं डोकं तेवढ्यात कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. कमलताईसुद्धा हसल्या. हसता हसता एकदम थांबल्या.

"हळदीच्या कार्यातल्या लुगड्याचं आपण काय करतो? धुऊन उन्हात टाकतो. पिवळं ऊनच खातंय की!"

दहा वाजले होते. ऊन कडक. आम्ही पोतं गच्चीवर नेलं. खाली घालायला कोरं कापड नव्हतं, म्हणून कमलताईंनी दोरीवरची मामांची धुतलेली धोतरं ओढली.

"माझं धोतर बी परदेशी जाऊन राहिलं का काय?" खालून आवाज आला. "अन् बाजेला (खाटेला) हात लावू नका!"

मामांची बाज गच्चीच्या मधोमध होती. त्यांची झोपायची जागा ती, कुणी हलवत नसे. आम्ही बाजेभोवती धोतरं अंथरली आणि चकत्या पिवळी बाजू वर करून मांडल्या. दर अर्ध्या तासानं उलटवायच्या. पाय पोळत होते. दुपारी कमलताईंनी उकडलेला साबुकंद आणि ठेचा वर आणून दिला. बटाट्याहून घट्ट, गोडसर. मी दोनदा मागून घेतला.

तीनपर्यंत पिवळा रंग फिकटला, चारपर्यंत नुसती झाक उरली.

मुंबईचा माणूस तरुण होता, कमी बोलणारा. त्यानं एक चकती मोडली. कट्. वास घेतला. मग एक झाकवाली उचलून उन्हाकडं धरली. "ये पीला क्या है?"

रहीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी कमलताईंकडं.

"हळद हाय," त्या म्हणाल्या. "हळदीच्या खळ्यावर वाळवल्या. आमचीच चूक."

कागदावर मीही तेच लिहिलं होतं. त्यानं तो वाचला आणि मान हलवली. नमुना नेतो म्हणाला, पण पुढचा माल खळ्यावरचा चालणार नाही. "दूसरी जगह है?"

कमलताई खळ्याकडं बघू लागल्या.

"हाय की," मामा लिंबाखालून म्हणाले. "गच्ची. बाज येईल माझी खाली."

कमलताईंनी पदर सावरला. "अन् एकर, मामा?"

"एकर नसलं तं गच्चीवर काय वाळवतीस? माझी धोतरं?"

परतीच्या जीपमध्ये मी एक चकती पिशवीतून काढून मोडून पाहिली. कट्. हा आवाज मी पुस्तकात वाचलेला नव्हता. मुंबईहून काय निरोप येतो ते अजून कळायचंय. पण बाज त्या संध्याकाळीच अंगणात उतरली, हे मी डोळ्यांनी बघून निघाले.

घरी आईनं आधी तेच विचारलं, "कसं असतंय गं झाड?"

मी पंजा फाकवून तिच्यापुढं धरला. "पान असं."

तिनं माझा हात दिव्याखाली ओढला. "अन् हे लाल काय?"

"ती माझी बी.एस्सी.," मी म्हटलं.