अक्का आणि दीड सेंटीमीटर केस

गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता अक्कांच्या पार्लरमध्ये आम्ही चौघे होतो: अक्का, माझी पत्नी, मुलगी स्वाती आणि मी. स्वातीच्या केसांची लांबी दीड सेंटीमीटर, लग्नाला सात महिने, प्रत्येक खेपेचे दीडशे रुपये. अक्कांनी आधी आरशावर टॉवेल टाकला. केस वाढवणाऱ्या बाईला त्या आरसा दाखवत नसत. "रोज बघत बसलं की जीव जातोय, केस तेवढेच राहतात," म्हणाल्या. भिंतीपलीकडे त्यांच्या दिरांचे यंत्रमाग चालू होते, त्यामुळे सगळे मोठ्याने बोलायचे.

केस माझ्यामुळे गेले होते. माझ्या बायपासच्या वेळी स्वातीने बालाजीला केसांचा नवस बोलला आणि मी घरी आल्यावर कुणाला न विचारता फेडला. लग्न त्यानंतर ठरले. नवसाचे सांगितले तर नवस कशासाठी, हे आले असते. मुलीचा बाप किती दिवसांचा सोबती, असा विचार मुलाच्या घरात नको होता. म्हणून केस टायफॉइडने गेले, असे मी सांगितले. स्वातीला ते आवडले नव्हते.

तिसऱ्या महिन्यात मी मोजायला पट्टी घेऊन गेलो; माझ्या हिशेबाने केस सव्वापाच सेंटीमीटर हवे होते. अक्कांनी मानेवरचे अडीचवर आणले.

"अहो, वाढवायला आलोय आपण!"

"मागचं सोडलं तर कोंबड्याचं शेपूट हुतंय की, अण्णा. पुढचं खाली येईपर्यंत मागच्यानं थांबायचं. आन् ती पट्टी घरी ठेवा."

पुढे केस कानावर आले आणि पिसारल्यासारखे उभे राहू लागले. अक्का एका बाजूला भांग पाडून बटेला पीळ देत आणि कानामागे दोन काळ्या पिना फुलीसारख्या खोचत. "एकटी पिन पळती. दोघी एकमेकीला धरून बसत्यात."

लग्नाला पंधरा दिवस असताना विहीणबाई कमरेपर्यंतचे गंगावन घेऊन पार्लरमध्येच आल्या. अक्कांनी ते हातात तोलले.

"हे बांधलं तर अक्षता पडायच्या आधी वेणी पडंल."

"टायफॉइडनंतर केस लवकर येतात म्हणे," विहीणबाई म्हणाल्या. "हिचेच कसे आले नाहीत?"

स्वाती माझ्याकडे बघत होती. अक्कांनी कंगवा खाली ठेवला.

"अण्णा, केसाचं मी बघते. हे तुमी बघा."

मी सगळे सांगितले. ऑपरेशनची तारीखही सांगितली.

विहीणबाई म्हणाल्या, "आता दम लागत नाही ना?" आणि गंगावन पिशवीत ठेवले.

लग्नात स्वातीच्या डोक्यावर तिचेच केस होते: दोन बारीक वेण्या, मोगरा आणि सेहेचाळीस पिना. एकही सुटली नाही. अक्का आता मुलाकडे भिवंडीला असतात. पार्लरच्या जागेत दिरांच्या मागांवरच्या टॉवेलचे गठ्ठे आहेत.

लग्नाच्या दिवशी ठरलेले तीन हजार मी अक्कांच्या हातात दिले, वर पाचशे. पाचशे त्यांनी माझ्या खिशात परत घातले.

"केस कमी हायत म्हणून मी कमी घेतलं का? मग जास्ती कशाला?"