विहीर भरू दे
परवा पोटाच्या सोनोग्राफीला गार जेल लावलं आणि चंद्रपूरच्या दवाखान्यातली ती अंधारलेली खोली आठवली. बाबांच्या छातीत, दमलेल्या हृदयातलं रक्त ओढून पुढे ढकलणारा पंप बसवलेला. कान लावला की त्याची गुणगुण ऐकू यायची, पण रक्त ठोक्यांशिवाय सलग वाहायचं, म्हणून नाडी लागायची नाही. स्क्रीनवर त्यांचं हृदय बघत डॉक्टर म्हणाले, "पंप फार ओढतोय. हृदयाचा कप्पा आकसलाय, वेग कमी करतो." आईनं डॉक्टरांचा हातच धरला. "कमी काऊन करता? त्याच्यावरच तर जगून राह्यले हे!" बाबा झोपल्या झोपल्या म्हणाले, "अवं, मोटरनं विहीर तळाले लागली. भरू दे जरा." वेग उतरला. मी एकदा स्क्रीनकडे, एकदा बाबांचे ओठ निळे पडतात का ते बघत राहिलो. कप्पा हळूहळू भरला, हृदयानं स्वतः रक्त ढकललं आणि इतका वेळ मिटलेली झडप उघडली. तरी आजही घरात फ्रिजची घरघर थांबली की मी उठून उभा राहतो.