मावशींचा ट्राउट

हवामानाशी समोरासमोर भांडणारी माणसं या पृथ्वीतलावर फार नसावीत, आणि भर पावसात ढगाकडे बोट दाखवून "हे बरोबर नाही हं" असं दटावणारी तर एकटी माझ्या बायकोची मावशीच असावी. मावशी मूळच्या मालवणच्या. काका गेल्यापासून अमेरिकेत, रेडमंडला आमच्याकडे असतात. हिवाळाभर बाहेर पावसाची रिपरिप चालू असताना त्या खिडकीशी बसून फ्लाय फिशिंगसाठी खोट्या माश्या बांधतात. बारीकशा गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून असा किडा करायचा, की माशाला तो खराच पाण्यावर येऊन बसलाय असं वाटावं. या कामी माझ्या उशीतली पिसं गेली, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे केस गेले, आणि आपल्या शालूची जरीची किनार उसवलेली दिसली तेव्हा माझ्या बायकोने बरेच दिवस अबोला धरला. मावशींना त्याचं काही नाही. "शालू तू वर्षातून एकदा नेसतेस," त्या म्हणाल्या, "मासा रोज उपाशी असतो."

उन्हाळा लागला की त्यांना मोंटानाच्या डोंगरातलं एक लाकडी लॉज दिसू लागतं. मालक उंच, अबोल, म्हातारे अमेरिकन गृहस्थ. मावशी त्यांना तोंडावर 'खोत' म्हणतात आणि ते बिचारे ओ देतात. त्या डोंगरात जूनमध्ये बर्फ वितळून नदी गढूळ होते, जुलैत भर दुपारी गारा झोडपतात, ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर येतो आणि सप्टेंबरात सकाळी ऊन पडलं तर दुपारी बर्फ. मावशी रोज सकाळी व्हरांड्यात उभ्या राहून, नाक वर करून दिवसाचा अंदाज सांगतात आणि तो न चुकता चुकतो. खोत चाचरत इंग्रजीत म्हणतात, "मॅम, रेडिओवर स्टॉर्म सांगितलंय." मावशी मराठीतच म्हणतात, "रेडिओवाला आलाय का इथे बघायला?"

मालवणी जिवाला सगळ्यात जड गेला तो तिथला नियम: धरलेला मासा परत सोडायचा. पहिल्या वर्षी त्या मसाल्याची बरणी घेऊन गेल्या होत्या. नियम कळल्यावर तो सगळा मसाला अंड्यांवर खर्ची पडला आणि खोतांनी कपाळावरचा घाम पुसत पुसत पुन्हा वाढून घेतलं.

गेल्या सप्टेंबरात बायकोला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मावशींना घेऊन मी ड्राइव्ह करत गेलो. नदीच्या वळणावर पडलेल्या पाइनच्या झाडाखाली एक दांडगा ट्राउट मासा राहायचा. मागचे दोन उन्हाळे त्याने मावशींना हुलकावणी दिली होती. सकाळी लख्ख ऊन होतं. "आज ढगाचा ठिपका दिसायचा नाही," मावशींनी जाहीर केलं. आम्ही पाण्यात उतरलो आणि बर्फ पडायला लागला. मी म्हटलं, "मावशी, परत जाऊ या." त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही जाळं धरा आणि गप्प उभे राहा."

त्यांनी काठी मागे नेली, दोरी हवेत लांबच लांब उलगडली आणि माशी अलगद त्या पाइनच्या सावलीत जाऊन बसली. पाणी फुगलं. पुढच्याच क्षणी काठी धनुष्यासारखी वाकली, दोरी सूं सूं करत सुटली, मावशी दगडांवरून घसरत त्या माशामागे निघाल्या आणि मी मावशींमागे. मासा पाण्याबाहेर उसळला तेव्हा मी जाळं विसरून बघतच राहिलो. त्या मात्र सारखं बोलत होत्या: "ये बाबा, ये. दमलास ना? मी पण दमले." मग जावईबापूंचा मान संपला. "अरे धर ते जाळं, गाढवा." मी जाळ्यासकट पाण्यात आडवा झालो, पण मासा जाळ्यात होता.

मी कुडकुडत फोटोसाठी फोन काढला. मावशींनी तिकडे पाहिलंच नाही. गळ काढल्यावर मासा एका कुशीवर कलंडला होता. झुंजीत त्याचा दम संपला होता. त्या गुडघ्यांवर बसल्या, ज्या गुडघ्यांनी त्यांना घरी जिना चढवत नाही त्याच गुडघ्यांवर, बर्फगार पाण्यात. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, दोन्ही हातांनी त्याला तोलून धरून राहिल्या. केसांवर बर्फ साचत होता. शोधत आलेले खोत म्हणाले, "मॅम, लेट हिम गो. तुमचे हात गोठतील." मावशींनी नकारार्थी मान हलवली. मी धरतो म्हटलं, तरी मान हलवली. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याचे कल्ले उघडझाप करू लागले, शेपटीने एक हिसका दिला आणि मावशींचे हात रिकामे झाले.

लॉजवर सूप समोर ठेवलं तरी त्या बाहेरच बघत होत्या. मी म्हटलं, "मावशी, एवढा वेळ कशाला? गेला असता आपला आपण."

"हे गेले तेव्हा हॉस्पिटलात मला काचेबाहेर उभं केलं होतं," त्या म्हणाल्या. "हात लावू दिला नाही. साथीचे दिवस होते ना."

मी सूपचा वाडगा त्यांच्याजवळ सरकवला. थोड्या वेळाने खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या खोतांनी त्यांच्या अंगावर घोंगडी घातली आणि त्यांचे ओले मोजे उचलून शेगडीजवळ नीट वाळत घातले.